वायंगणकर सर आणि लवूचा अबोला

हरिश्चंद्र वायंगणकर बोलत उभा राहिला की त्याच्या उजव्या पायाचा अंगठा आपोआप वाळूत रेघ ओढू लागे. बोलणं रंगलं की रेघ लांबायची, अडलं की तिथल्या तिथे जाड व्हायची. आचऱ्याच्या किनाऱ्यावर मी त्याच्याशी बरेच उन्हाळे बोललो आहे, आणि पुष्कळदा त्याच्या चेहऱ्याऐवजी ती रेघच पाहत उभा राहिलो आहे. तो उंच, सडपातळ, हात अंगापेक्षा मोठ्या मापाचे. घाटावरच्या एका कॉलेजात तो तत्त्वज्ञान शिकवत असे. गावात त्याला प्रोफेसर म्हणत, त्याची आई आनंदीकाकी त्याला हरी म्हणे, आणि मीही हरीच म्हणत असे. लवू कुबल त्याला बरीच वर्षं काहीच म्हणत नसे.

लवू त्याचा शेजारी. दोन घरांच्या मध्ये चुडतांचं, माडाच्या विणलेल्या झावळांचं, एक कुंपण होतं आणि त्याला ठिकठिकाणी भोकं होती, कारण लहानपणी दोघे वाटेने कधी गेलेच नाहीत. हरीचे वडील गलबतावर तांडेल होते. ते हरी लहान असतानाच समुद्रावर वारले. लवूची आई त्याला जन्म देऊन गेली होती. त्यामुळे एकाला बापूस नाही आणि एकाला आवस नाही, असे हे दोघे आनंदीकाकीच्या चुलीपुढे एका ताटात पेज पिऊन वाढले. लवूने चौथीनंतर शाळा सोडली आणि रापणीच्या, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोरीला हात लावला. हरी मालवणच्या हायस्कुलात गेला, तिथून शिष्यवृत्ती मिळवून गणित शिकायला कोल्हापूरला. पण सुट्टीत आला की दोघे संध्याकाळी वाळूत असत. हुतूतू खेळायला.

मी आचऱ्याच्या शाळेत रुजू झालो ते एकोणीसशे पन्नास साल. मूळचा मी सावंतवाडीकडचा. मालवणी मला कळते, पण शाळामास्तर म्हटल्यावर लोक पुस्तकी बोलण्याचीच अपेक्षा करतात, म्हणून मी तसंच बोलत राहिलो. पुढच्याच वर्षी मालवणला हुतूतूचे सामने झाले. आचऱ्याच्या संघाचा म्होरक्या लवू होता, आणि चढाईला सगळ्यांत चपळ गडी हरी.

सामन्यांना मुंबईच्या एका गिरणीचा माणूस आला होता. त्या काळी गिरण्यांचे खेळाचे संघ असत आणि चांगल्या गड्याला खात्यात काम मिळे. त्या माणसाने आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की जिंकणाऱ्या संघाच्या म्होरक्याला मी घेऊन जाणार. लवूने हे ऐकलं आणि रात्री तो जेवला नाही, असं हरीनेच मला पुढे सांगितलं. लवूचं तेव्हा लग्न ठरत होतं. गावात त्याच्या वाट्याला दोरीचं एक टोक होतं, तेवढंच.

ज्यांनी हुतूतू पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाई करणाऱ्याने एका दमात ‘हुतूतूतू’ म्हणत पलीकडच्या अंगणात जायचं, जमतील तेवढे गडी शिवायचे आणि दम न मोडता मधल्या रेघेवर परत यायचं. मध्येच श्वास घेतला तर तोच बाद. शिवलेलं साऱ्यांना दिसतं. दम मात्र तोंडात असतो. गलका मोठा असला की पंचाला तो ऐकू येत नाही.

अखेरची चढाई हरीची होती. दोन गडी बाद केले की सामना आचऱ्याचा. त्याने दोघांना शिवलं, वळला, आणि मागून एकाने त्याचा घोटा पकडला. हरी पालथा पडला, तोंड वाळूत. सरपटत त्याने तो लांब हात रेघेवर टाकला. लोक उभे राहून ओरडत होते. मी रेघेपासून फार दूर नव्हतो आणि मला काहीही ऐकू आलं नाही. पंचांनी शिट्टी फुंकून आचऱ्याच्या बाजूने हात वर केला. लवू धावत आला आणि त्याने हरीला उचललं.

हरीने तोंडातली वाळू थुंकली आणि म्हणाला, “माझा दम मोडला होता. मी बाद.”

पंच म्हणाले, “अरे, मी दिलंय तुला.”

“नको. मी बाद.”

सामना गेला. लोकांनी हरीची पाठ थोपटली. हरलेल्या संघाची क्वचितच थोपटतात तशी. गिरणीच्या माणसानेही थोपटली, आणि समोरच्या संघाच्या म्होरक्याला घेऊन तो मुंबईला गेला.

आम्ही होडीने आचऱ्याला परत निघालो. हरी वल्ह्याला बसायला गेला, तेव्हा पुढच्या टोकाला नाळेवर बसलेल्या लवूने समुद्राकडे पाहतच संघातल्या गंगारामला सांगितलं, “गंगाराम, तेका सांग, वल्ह्याक हात लावू नको.”

गंगाराम हसला. त्याला ती थट्टा वाटली. हरी तर लवूच्या हाताएवढ्या अंतरावर होता. पण लवू पुन्हा म्हणाला, “तेका सांग.”

आमच्याकडच्या अबोल्याची अशी एक रीत आहे. अबोला धरला म्हणून व्यवहार थांबत नाहीत. कुंपण एक, विहीर एक, देऊळ एक. मग बोलायचं ते तिसऱ्याला. तो तिसरा माणूसच असला पाहिजे असंही नाही. मी लवूला कुत्र्याकडून निरोप देताना ऐकलं आहे. “वाघ्या, सांग तेका, तेचो माड माझ्या कौलांर वाकलोहा.” हरी कौलांवर वाकलेल्या माडाखालीच उभा असे. तो वाघ्याकडे न बघता लवूकडे बघून उत्तर देई आणि लवू वाघ्याच्या पाठीवरून हात फिरवत राही.

हळूहळू ते काम माझ्याकडे आलं. मास्तर निरोपाला तिखटमीठ लावत नाहीत, अशी माझी ख्याती होती. लवूशी माझं चांगलं होतं. माणूस कष्टाळू, तोंडाने तिखट, आणि बायको मथुरेला माहेराहून आणल्यापासून तिच्यासमोर कधी आवाज न चढवणारा. त्याच्या मनात हरीचं काय चाललेलं असतं हे मी विचारत नसे. पण हरी येणार त्या आठवड्यात तो कुंपणाची डागडुजी काढायचा, आणि मध्येच मला म्हणायचा, “इलो काय तो? नाय, मी आपला सहज इचारलंय.”

हरी एम.ए. झाला आणि घाटावर गणित शिकवू लागला. दोनतीन वर्षांनी एका मे महिन्यात माझ्या ओटीवर बसून तो म्हणाला, “मास्तर, मी गणित सोडतोय.”

मला वाईट वाटलं. शिक्षकाला गणित चांगलं असलेला मुलगा म्हणजे काय, हे शिक्षकालाच ठाऊक. मी विचारलं, “का रे? जमत नाही?”

“जमतं. तोच त्रास आहे. तिथे एकदा सिद्ध झालं की झालं. कुणाचं काही बिघडत नाही, कुणाचं सुधारत नाही. त्रिकोणाला बायकोमुलं नसतात.”

मग त्याने तत्त्वज्ञानाची परीक्षा बाहेरून दिली. अमेरिकेतल्या काही विचारवंतांनी मांडलेला व्यवहारवाद त्याने धरला आणि त्यावर मोठा प्रबंध लिहिला. मला समजेल असं सांग म्हटल्यावर तो मला किनाऱ्यावर घेऊन गेला. समोर रापण लागली होती. दोन्हीकडून माणसं दोरी ओढत होती.

“आज मासळी लागेल, असं लवू म्हणतो,” हरी म्हणाला. “ते खरं की खोटं? आत्ता या क्षणी सांगता येत नाही. जाळं वर आलं की कळेल. हे लोक म्हणतात, प्रत्येक विचाराचं असंच आहे. त्याचं जाळं ओढून बघा. तो धरून चाललं तर माणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो, ते बघा. काहीच फरक पडत नसेल तर त्याच्या खरेखोटेपणावर भांडू नका.”

“आणि फरक वाईट पडला तर?”

अंगठ्याखालची रेघ जाड झाली. “तेच शोधतोय,” तो म्हणाला.

कॉलेजात त्याच्याकडे जिमखानाही आला. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक हुतूतूच्या मैदानावर अर्ध्या चड्डीत शिट्टी घेऊन उभा, याची तिथे बरीच गंमत होत असावी. मुलं त्याला ‘शिट्टीशास्त्री’ म्हणत, हे त्याने स्वतःच मला सांगितलं. पुढे त्याने खेळावर लिहायला सुरुवात केली. नियम माणसाने केलेले, रेघ फक्कीची, वारा आला की पुसली जाणारी. मग तिच्यासाठी माणूस हाडं का मोडून घेतो, हा त्याचा प्रश्न. इंग्रजी नियतकालिकांत ते लेख छापून येत. परदेशातून उत्तरं येत. एका लेखात पंचाला न दिसलेली चूक स्वतः कबूल करणाऱ्या खेळाडूचा प्रश्न होता. त्यात मालवणचं नाव नव्हतं.

त्याने लग्न केलं नाही. एक मुलगी पाहायला तो कणकवलीला गेला होता. तिने धीटपणे विचारलं, “आपण शिकवता म्हणजे नेमकं काय?” आणि हा तिला जेवणाची पानं मांडेपर्यंत समजावून सांगत बसला. तिकडून नकार आला. आनंदीकाकी येईल त्याला सांगे, “माझ्या झिलाक बायल नको. एक रेघ काढून दिलात तर तिच्यावांगडा संसार करीत.”

घाटावर तो एका खोलीत राहत असे. मी एकदा शाळेच्या कामाने तिकडे गेलो होतो तेव्हा तिथे उतरलो. खोलीत पुस्तकं होती, एक स्टोव्ह होता आणि दाराशी दोन खुर्च्या होत्या; एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. तो मी येणार म्हणून त्याने उचलून खाली ठेवला, आणि खुर्चीवरची धूळ पुसताना ओशाळला. संध्याकाळी आम्ही फिरायला गेलो. वाटेत पुष्कळ लोकांनी त्याला नमस्कार केला. थांबलं कोणी नाही.

त्या मुक्कामातच त्याने माझ्यापाशी निरोप दिला. कॉलेजला हुतूतू शिकवणारा माणूस हवा होता. शिक्षणाची अट नव्हती, राहायला खोली होती, मुलाबाळांना शाळा होती. “लवूसारखा म्होरक्या मी अजून पाहिलेला नाही,” हरी म्हणाला. “त्याला विचारा. माझं नाव लागलं तर घ्या, नको वाटलं तर घेऊ नका.”

मी परत आल्यावर किनाऱ्यावर गेलो. लवू जाळ्याची फाटलेली घरं विणत बसला होता. मी नाव घेऊन सगळं सांगितलं. त्याने सुई थांबवली नाही.

“मास्तरांनू, ह्या कोणाच्या डोक्यातला? तेचाच मां?”

“त्याचंच.”

“सांगा तेका, माका आता पळूक जमाचा नाय.” थोडं विणून झाल्यावर तो म्हणाला, “आणि एक इचारा. इतकी वर्षां इचारीन इचारीन म्हणतंय. तेवां दम खराच मोडलेलो काय?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? मोडलेलो, तर मोडलेलो. देवाक खोटां सांगूचा नाय. मगे माझा नशीब. तो नुसतो ‘व्हय, मोडलेलो’ म्हणालो, तर मी उद्याच्या उद्या तेच्याशी बोलतंय. पण तेचा तोंड तेवां मी बघलंय, मास्तरांनू. उचललंय तो मीच. तो माझ्याकडे असो बघी होतो, जसो काय मीच तेका काय तां सांगूक होया.”

मी तो प्रश्न जसाच्या तसा हरीला पोचवला. पुढच्या मे महिन्यात, समोरासमोर, कारण असा प्रश्न पत्रात घालण्यासारखा नव्हता. हरीने हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

“मास्तर, मला माहीत नाही.”

“काय माहीत नाही?”

“दम कधी मोडला ते. घोटा धरला, मी पडलो, तोंडात वाळू गेली, हात रेघेवर पडला. मी श्वास घेतला, हे नक्की. पण हात पडायच्या आधी की नंतर? त्या वेळी वाटलं, आधी. तेही नक्की नाही. तेव्हापासून मी रोज तिथे पडतो आणि रोज काहीतरी वेगळंच आठवतं.”

“मग ‘हो, मोडला होता’ म्हण,” मी म्हणालो. “ते खोटंही ठरणार नाही. आणि तुझे ते अमेरिकेतले लोक काय म्हणतात? फरक बघा. एका शब्दाने दोन माणसं बोलायला लागतील.”

“म्हणूनच म्हणवत नाही. माझा सगळा विषय मला ‘हो’ म्हणायला सांगतोय. इतक्या सोयीचं उत्तर असलं की मला त्याचा संशय येतो.”

“आणि ‘माहीत नाही’ म्हणालास तर?”

“तर त्याचं आयुष्य कशापायी गेलं? माझ्या शंकेपायी.” तो उठला. “त्याला सांगा, सांगेन पुढच्या खेपेला.”

मी तसं सांगितलं. लवूने मान हलवली. पुढच्या खेपेलाही हरी “पुढच्या खेपेला” म्हणाला, आणि त्याच्या पुढच्याही. लवूने पुन्हा विचारलं नाही. अबोला मात्र चालू राहिला, कुंपणाची डागडुजीही.

साठीच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे गावपळण आली. काही वर्षांनी एकदा ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेतात आणि सगळा गाव तीन दिवस हद्दीबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणाला खिळलेली माणसं, बाळंतिणी, सगळी. मागे गावात चूल पेटत नाही. बाहेर माळावर वाडीवाडीच्या राहुट्या पडतात. भिंत म्हणजे चार चुडतं. तीन दिवस कोणाला दार नसतं आणि कोणाचं काही झाकून राहत नाही.

नाताळची सुट्टी असल्याने हरी आला होता. आनंदीकाकीचे पाय त्या वर्षी पूर्ण गेले होते. तिला खुर्चीत बसवून न्यायचं ठरलं. एका बाजूला हरी आणि दुसऱ्या बाजूला, न बोलावता, लवू. अबोला काकीशी नव्हता.

“काकी, तुझ्या झिलाक सांग, खुर्ची वायंच वर धर. घाटार जाऊन उंच झालो, पण तुका उचलूक येणा नाय तेका.”

“आये, तेका सांग, तोच वाकडो चलता.”

“मेल्यांनू!” काकी खुर्चीतून ओरडली. “मी मधीच पडान मेलंय तर तुमचे निरोप कोण पोचवतलो? यम?”

आजूबाजूचे सगळे हसले. हरीही हसला. लवूने मान वळवली, पण त्याचे खांदे हलत होते. मी मागून काकीचं अंथरूण घेऊन चाललो होतो, आणि मला वाटलं, आता हा अबोला फार दिवस टिकत नाही.

राहुट्या शेजारी शेजारी पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली होती. पोरं कापणी झालेल्या शेतात हुतूतू खेळत होती आणि त्यांचा ओरडा इथपर्यंत येत होता. काकी राहुटीच्या खांबाला टेकून सुपारी कातरत होती. एका बाजूला हरी बसला होता, मी त्याच्याजवळ. पलीकडे चुडतांच्या आडून लवूचं अर्धं अंग दिसत होतं. तो मथुरेला पाणी आणून देऊन आत्ताच टेकला होता.

पोरांत भांडण लागलं. “दम सुटलो! दम सुटलो!” “नाय सुटूक!” नेहमीचंच. आम्ही तिघांनीही एकदम तिकडे मान वळवली. काकीने ते पाहिलं. तिची नजर अजून चांगली होती.

“लवू,” ती म्हणाली, “तू एकदा मास्तरांकडे कायतां इचारलेलंस. माका मथुरेन सांगला.”

लवूने मधलं चुडत ओढून सारखं केलं.

“मेल्या, माका पाय नाय, कान आसत. इचार तेका तूच.”

“तू इचार, काकी,” लवू चुडतांपलीकडून म्हणाला.

काकीने अडकित्ता खाली ठेवला. “हरी, तेवां दम खराच मोडलेलो?”

हरीने माझ्याकडे पाहिलं नाही. आजूबाजूच्या राहुट्यांतली माणसं पुढे सरकली होती. मथुरा हातात कळशी घेऊन तशीच उभी होती. मला तेव्हा वाटत होतं, आता हा ‘व्हय’ म्हणेल. आईने विचारलंय, सगळी वाडी ऐकतेय, एका शब्दाचं काम. आनंदीकाकीने तर त्याच्यासाठी मान हलवायला सुरुवातही केली होती, लहान मूल पाढा म्हणत असताना आपण हलवतो तशी.

“आये,” हरी म्हणाला, “माका ठावक नाय.”

चुडतं बाजूला झाली. लवू उभा होता, आणि तो काकीकडे पाहत नव्हता, माझ्याकडे नाही, कुत्र्याकडे नाही.

“मगे सांगलंस कित्याक?”

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग काकीच्या लक्षात आलं. “बोललो!” ती टाळ्या पिटू लागली. “गो मथुरा, आयकलंस? बोललो तो तेच्याशी! रामेश्वरा! गूळ हाड गो कोणतरी!” शेजारच्या राहुटीतली शेवंती खरंच गुळाचा डबा घेऊन धावली. बायका गोळा झाल्या. पंधरा वर्षांचा अबोला गावपळणीत सुटला, रामेश्वराने सोडवला, असं तिथल्या तिथे ठरून गेलं.

ते दोघे मात्र एकमेकांसमोर उभे होते. हरीही उठला होता.

“भिलंय,” तो म्हणाला.

“कोणाक?”

“माकाच. गप रवलंय असतंय तर जन्मभर वाटला असता, खोटो जिंकलंय.”

“आणि माझो इचार? गिरणीवालो बसलेलो थंय. तो इलो मनात?”

हरीला इथेही एक सोयीचं उत्तर होतं. त्याने घेतलं नाही.

“मगे इलो. होडयेत.”

लवूने ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उलट कपाळाच्या मध्यावर सतत असलेली आठी मला तेव्हा प्रथमच सुटलेली दिसली. त्याने दोनदा मान हलवली, एखाद्याने विचारलेल्या घराचा पत्ता सांगावा आणि ऐकणाऱ्याने हलवावी तशी. शेवंतीने दोघांच्या हातांवर गूळ ठेवला. लवूने तो तोंडात टाकला, काकीच्या पायांवरची घोंगडी सारखी केली, आणि पोरांचं भांडण मिटवायला शेताकडे निघून गेला.

चौथ्या दिवशी कौल झाला, गाव परतला. जाताना लवूने खुर्ची उचलली तेव्हा तो हरीला म्हणाला, “वायंच डावीकडे घेवा.” काकी वाटभर ज्याला त्याला सांगत होती.

पुढच्या मे महिन्यात हरी आला तो पहिल्याच सकाळी किनाऱ्यावर गेला. माझ्याही घरावरून गेला, मला हाक मारून बरोबर घेत. चालताना भराभर बोलत होता. कॉलेजचं, मुलांचं, कुठल्याशा सामन्यात त्याने पंच म्हणून दिलेल्या निवाड्याचं. रापण लागली होती. आमच्याकडे दोरीला कोणीही हात लावावा, ओढू लागेल त्याला शेवटी मासळीचा वाटा मिळतो. अबोल्याच्या वर्षांत हरी ज्या दोरीला जाई ती सोडून लवू मुद्दाम पलीकडच्या दोरीला जायचा आणि तिकडून ओरडून सगळ्यांना शिव्या घालायचा. आज हरी धोतर खोचून सरळ लवूच्याच दोरीकडे गेला.

लवूने त्याला पाहिलं. “इलात, प्रोफेसर? कधी इलात?”

“काल.”

“बरा केलात. काकी वाट बघी होती.” त्याने माडांकडे हात केला. “थंय सावलेक बसा. दोरयेन हात सोलतले तुमचे.”

“मी ओढतंय मां.”

“नको, नको. आसत माणसा. बसा तुमी.” आणि तो दोरी ओढणाऱ्यांकडे वळून ओरडला, “ओढा रे मेल्यांनू! जेवान इलास मां?”

आम्ही सावलीत बसलो. जाळं वर आलं, बऱ्यापैकी बांगडा लागला होता. वाटे झाल्यावर लवू स्वतः आला. निवडून घेतलेले मोठे बांगडे त्याने चुडताच्या हिरात, पात्याच्या काडीत, ओवले होते, गावात आलेल्या पाहुण्याला देतात तसे. हरीने ते दोन्ही हातांनी घेतले. लवूने कॉलेज कसं चाललंय विचारलं. घाटावर पाऊस पडला का विचारलं. उत्तर ऐकून घेतलं आणि होडीकडे गेला.

परतताना हरी म्हणाला, “मास्तर, तो बोलतो आता माझ्याशी.”

“हो.”

“सगळ्यांशी बोलतो तसाच.”

बांगड्यांतून पाणी ठिपकत होतं, ते धोतरावर पडू नये म्हणून त्याने हात अंगापासून लांब धरला होता.

पुढच्या वर्षी त्याने आनंदीकाकीला घाटावर नेलं. तिथे डॉक्टर जवळ होता, हे कारण खरं होतं. मोटारीपर्यंत तिची खुर्ची लवूनेच धरली. काकी रडली, लवूही रडला, काकीसाठी. घराची किल्ली हरीने त्याच्या हातात दिली. लवूने ती कमरेला लावली आणि म्हणाला, “काळजी करू नकात, प्रोफेसर. घराक मी आसंय.”

तो बोलला तसाच वागला. पावसाळ्याआधी तो हरीचं घर स्वतःच्या घराआधी शाकारी. मे महिन्यांत हरी आता सामन्यांना पंच म्हणून कुठे कुठे जात असे आणि मला पोस्टकार्ड पाठवी. दोन घरांमधलं कुंपण त्या वर्षांत वाऱ्यापावसाने पडलं. लवूने ते पुन्हा उभं केलं नाही. पलीकडे कोणी राहत नसल्यावर कुंपणाची काय गरज, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.